माहेरी आलेला पंखा

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी येते ती रिकाम्या हातानं. जाताना आपण तिची पिशवी भरायची, अशी आपल्याकडची रीत. आमची बेबा धुळ्याहून आली ती कडेवर पोर घेऊन, आणि मागून रिक्षावाल्यानं उतरवला टेबलफॅन! भर दुपारी, सगळी गल्ली ओट्यावर बसलेली असताना.

समोरची मंदाबाई कसली गप्प बसते! "काय वं लिलाबाई, लेक माहेरले पंखा लई उनी का?"

लेक माहेरी पंखा घेऊन आली का, हे तिला सगळ्या गल्लीला ऐकवायचं होतं. मी हसले. काय करणार? आतून मात्र वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

दोष कुणाला देऊ? घरचाच माणूस तसा. आमचे हे, आधार पाटील, दालमिलमध्ये कारकून. विजेचं बिल गल्लीत आमचं सगळ्यांत कमी, आणि ते कौतुकानं चारचौघांना दाखवायची यांना भारी हौस. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला भोक पाडून त्यात एकच बल्ब बसवलेला, अर्धा उजेड इकडे, अर्धा तिकडे. धड भाजी निवडता येत नाही की धड पेपर वाचता येत नाही. छताला पंखा आहे, नाही असं नाही. पण त्याचं फिरवायचं बटण काढून हे खिशात घालून मिलमध्ये जायचे! लोकांच्या घरी रंगीत टीव्ही आले, आणि आमच्याकडे पाहुणा आला की मी त्याच्या हातात वारा घ्यायला सुपडं द्यायची.

गेल्या चैत्रात बेबा बाळंतपणाला आली. बारशाला व्याही-विहीण आले तर हे पेढे आणायला बाजारात, आणि बटण यांच्या खिशात. व्याही धोतराच्या सोग्यानं वारा घेत बसले. द्रौपदाबाई, म्हणजे बेबाची सासू, पोराच्या अंगावरचं घामोळं बघत राहिली, एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं. तिनं वर्षभर मनात ठेवलं आणि आता हा पंखा पाठवला.

"अगं, तू तरी नाही म्हणायचंस," मी बेबाला म्हटलं.

"म्हटलं होतं, आई. त्या म्हणाल्या, पंखा नेणार असशील तर पोराला ने, नाहीतर आखाजी इथंच कर."

बोलता बोलता तिचे डोळे भरले. सासरी किती ऐकून घेतलं असेल पोरीनं! यांच्या हट्टापायी तिचं माहेर तुटायची वेळ आली होती, आणि यांना त्याचा पत्ताही नव्हता.

हे जेवायला घरी आले. पंखा बघून चक्क खूश झाले! उलटासुलटा करून पाहिला. "वा, व्याह्यांनी चांगली वस्तू घेतली. नवा दिसतो." मग पंखा लावून बाहेर गेले आणि मीटरची चकती किती जोरात फिरते ते बघून आत आले. "पोर झोपेपर्यंत लाव हो बेबा. झोपलं की बंद. झोपलेल्याला काय कळतं?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा काही!"

तेवढ्यात बेबानं मान खाली घालून रुमालाची गाठ सोडली. आत दोन नोटा होत्या. "नाना, सासूबाईंनी दिलेत. म्हणाल्या, पंख्याचं बिल येईल ते यातून भरा म्हणावं. त्यांना तोशीस नको."

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारा हा माणूस. नातू झाला तरी धुळ्याला जाताना घरून फिरकीचा तांब्या भरून नेतो, तिथं चहाचा घोट घेत नाही. त्याच्यापुढे लेकीच्या सासरचे पैसे!

"परत ने," हे म्हणाले. "मी हात लावणार नाही."

"परत नेले तर त्या म्हणतील, पंखा लावूच दिला नाही. मग पुढच्या वर्षी मला पाठवणारच नाहीत, नाना."

भोगा आता, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गिळलं.

पंखा चालू होता. पोर गाढ झोपलं होतं. यांनी बेबापुढे हात केला. मागणाऱ्यानं करावा तसा, खाली. नोटा घेतल्या.

"विहीणबाईंना सांग," हे म्हणाले, "पंखा दिवसरात्र चालला. एकदासुद्धा बंद केला नाही."

बेबा हुंदके देऊन रडायला लागली. या माणसाला कधीतरी लाज वाटावी म्हणून मी इतकी वर्षं भांडले. आज वाटली, तर मला त्यांच्याकडे बघवेना. मी पदर तोंडाला लावून आत गेले आणि रसासाठी आंबे पिळायला बसले.