अजूचं गाणं

अजू गेल्यापासून आमच्या घरात टीव्हीसुद्धा लागला नव्हता. आमच्या गावात, युसूफ वडगावात, रीतच आहे तशी. माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत त्या घरात गाणं नाही, बजावणं नाही, कुणाच्या वरातीपुढं उभं राहणं नाही. त्यामुळे आई जेव्हा म्हणाली की मला बीडला पोरांच्या कार्यक्रमाला जायचंय, तेव्हा मोहनरावकाकांनी चहाचा कप खाली ठेवला तो परत उचललाच नाही.

अजू म्हणजे अजिनाथ, माझा धाकटा भाऊ. बीडला शिकायला गेला आणि गिटार घेऊन बसला. चार पोरांनी मिळून ‘बरड’ नावाचा रॉक बँड काढला. गावातले लोक त्याला आर्केस्ट्रा म्हणायचे आणि हा तणतणत घरी यायचा. दिवाळीनंतर सरावाहून येताना त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. मोबाइलचाही चुरा झाला.

त्यानं आईवर एक गाणं केलं होतं. ते कुठं रेकॉर्ड झालेलं नव्हतं आणि घरात त्यानं कुणाला ऐकवलंही नव्हतं. आई मागं लागली की म्हणायचा, असं चुलीपुढं नाही, नाट्यगृहात खुर्चीवर बसून ऐकायचं. आता ते फक्त त्याच्या मित्रांना येत होतं, आणि आईला ते एकदा ऐकायचं होतं. बाकी कशाशी तिला देणंघेणं उरलं नव्हतं.

काका म्हणाले, लोक तोंडात शेण घालतील. वर्ष व्हायच्या आत पोराची आई गाण्याला गेली म्हणतील. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, “सपने, माझं लुगडं काढ.”

नाट्यगृहात पहिली रांग सोफ्यांची, पुढाऱ्यांसाठी राखलेली. त्यामागं लाल खुर्च्या, भिंतीला जुन्या नटांच्या हार घातलेल्या तसबिरी. काळे टी-शर्ट घातलेली कॉलेजची पोरं खुर्च्यांवर अवघडून बसली होती, कारण नाचायला उठलं की व्यवस्थापक शिट्टी फुंकायचा. आम्ही मागं बसणार होतो. पण गाणारा उत्तरेश्वर, अजूचा जिवलग, त्यानं पडद्याआडून आईला पाहिलं. धावत आला, पाया पडला, आणि आम्हाला सोफ्यावर नेऊन बसवलं. त्याचे डोळे भरले होते. आत जाऊन तो बाकीच्यांशी काहीतरी बोलला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण कसं कळणार?

मग सत्कार झाले. आमच्याकडे सत्काराशिवाय काहीच सुरू होत नाही. रॉक बँडनंही नारळ-शाल आणलीच होती. त्यानंतर ड्रम वाजला आणि सोफा खालून थरथरला. आईनं कानावर हात नेला आणि लगेच खाली घेतला. ती एकेक शब्द पकडायला बघत होती. त्या गोंगाटात मलाही ओळ लागत नव्हती, तिला काय लागणार? प्रत्येक गाण्याच्या शेवटी तिनं मला विचारावं, हेच का? उत्तरेश्वर गाण्याआधी नाव सांगायचा, त्यावरून मी मान हलवून नाही म्हणावं. मला त्या गाण्यांचाच राग यायला लागला. किती लांबवायचं ते.

शेवटी दिवे मंद झाले. अजूचा हसरा फोटो मंचावर आणून ठेवला. उत्तरेश्वर माइकशी आला आणि म्हणाला, “आता आपल्या अजिनाथसाठी. सगळ्यांनी उभं राहावं.”

“आता लागतंय वाटतं,” आई पुटपुटली. तिनं कानावरचा पदर मागं सारला आणि मान पुढं काढून उभी राहिली.

सगळं सभागृह चिडीचूप झालं. मंचावरची पोरं खाली माना घालून उभी. मला समजलं होतं ही श्रद्धांजली आहे, दोन मिनिटांची. आईला समजलं नव्हतं. ती तशीच वाकून ऐकत राहिली. माझी सांगायची हिंमत झाली नाही.

लोक बसले तेव्हा उत्तरेश्वरनं आईला मंचावर बोलावलं, तिच्या खांद्यावर शाल घातली आणि माइकवर सांगितलं, “शेवटाला अजूचं गाणं घेणार होतो. पण काकू समोर बसल्यात. त्यांचं वर्ष व्हायचंय. त्यांच्या म्होरं अजूच्या शब्दांवर ड्रम बडवायचा, आमच्या मनाला पटंना. ते गाणं आमी त्याच्यासंगंच ठिवून दिलं. त्याची शपथ हाय, आता ते कुनीच म्हननार न्हाई.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. काळ्या टी-शर्टातली पोरं डोळे पुसत होती. आम्ही आलो नसतो तर त्या क्षणी ते गाणं वाजत असतं. मी तरातरा मंचाकडे निघाले, तर आईनं वरूनच हातानं मला थांबवलं.

“काकू, चुकलं का काई आमचं?” उत्तरेश्वरनं विचारलं.

“न्हाई रं बाळा,” आई म्हणाली. “लई मान दिला तुमी त्याला.”

तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला, मग एकेकाच्या. अजूच्या फोटोकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. लोक शेजारून जाताना तिला नमस्कार करत होते आणि ती हात जोडत होती. गर्दी सरल्यावर तिनं शालीचा बोळा तोंडावर दाबला.

“मला ऐकायचं होतं गं,” ती म्हणाली.