दोन बोटं

मित्रांनो, मी घोड्यांची उंची मोजणारी एक जुनी काठी आहे, आणि अकरा वर्षं मी खोटं बोलत होते. हे मला परवाच कळलं. तेव्हापासून मी सुन्न आहे. लाकडाला घाम फुटत नाही, नाहीतर मलाही दरदरून फुटला असता.

पण आधी माझे चांगले दिवस सांगते. तेवढा हक्क म्हातारीला असतो.

घोडा मुठींनी मोजतात. एक मूठ म्हणजे आडव्या हाताची चार बोटं. एका सुताराने मला सरळ, पक्क्या लाकडातून घडवलं, अंगावर सोळा मुठींच्या खुणा कोरल्या आणि वर-खाली सरकणारी एक आडवी पट्टी बसवली. खाली दोन बोटं उंचीचा भरीव लोखंडी बूट ठोकला. माप त्या बुटाच्या तळापासून धरलेलं होतं. आणि तेरा मुठींवर त्याने एक लाल रेघ ओढली. ती रेघ म्हणजे माझा सगळा मान.

कारण मी ज्यांच्यासाठी जन्मले, ते घोडे बुटके होते. जाड पायांचे, धुरकट रंगाचे, पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काळा पट्टा असलेले. एके काळी दूध, टपाल, विटा, सगळं तेच ओढत. मग मोटारी आल्या आणि त्यांना कोणी विचारेना. शेवटी शोधून शोधून नऊच सापडले. चार-पाच घोडेवेड्यांनी मंडळ काढलं, एक जाडजूड वंशवही केली आणि नियम घातला: मानेच्या मुळाशी उंची तेरा मुठींच्या आत असेल, तोच अस्सल. त्याहून उंच म्हणजे बाहेरचं रक्त. त्याचं नाव वहीत नाही, आणि नर असेल तर तो खच्ची करायचा, म्हणजे त्याला पुढे शिंगरं होणार नाहीत.

मला हाताळायचे ते मोजणीकाका. काका मला तेल लावून पुसत, कापडी पिशवीत घालून नेत. त्यांनी आकडा उच्चारला की वाद संपला. माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ! नवाचे एकवीस झाले, एकविसाचे चाळीस. मंडळाचे स्वार गावोगावी, शाळाशाळांत घोडे घेऊन जात. मंडळाची सचिव असलेली ताई त्यांत सगळ्यांत पुढे. काकांनीच तिला लहानपणी खोगिरावर बसवलं होतं.

पुढे काकांचे गुडघे कुरकुरू लागले. एकदा चिखलाचं मैदान ओलांडताना त्यांनी मला पिशवीतून काढलं आणि चक्क टेकायची काठी केलं. पाऊल उचललं, मी वर आले, बूट चिखलात राहिला. काकांनी थोडं चाचपलं, मग घरी येऊन माझं टोक कानशीने घासून गुळगुळीत केलं.

"बूटच गेला ना? काठी तर शाबूत आहे," ते म्हणाले.

मलाही तसंच वाटलं, मित्रांनो. माझी खरी चूक हीच. आणि इतरांना तरी कसं कळावं? सगळे बघायचे ते लाल रेघेकडे. माझ्या पायाजवळच्या आकड्यांकडे कोण बघणार? एवढा बुटका घोडा जगात असतो का?

तेव्हापासून घोडे 'वाढू' लागले. कोणी रेघेवर एक बोट, कोणी पुरती दोन. अकरा वर्षांत चौदा नावं नाकारली गेली. घोड्या विकल्या, नर खच्ची केले. स्वार हळहळायचे आणि वर अभिमानाने सांगायचे, नियम म्हणजे नियम. खुराक जास्त झाला म्हणे. कुठून तरी बाहेरचं रक्त शिरलं म्हणे. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी छातीठोकपणे तेच सांगितलं असतं.

गेल्या हिवाळ्यात वहीतला शेवटचा म्हातारा नर गेला. आता सगळी भिस्त ताईच्या ढगोबावर. चार वर्षांचा, शांत, तिच्याच हाताखाली वाढलेला. काकांनी मला त्याच्याशेजारी उभं केलं. पट्टी टेकली. तेरा मुठी, वर एक बोट.

"पुन्हा मोजा, काका," ताई म्हणाली.

काकांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. कोणीतरी म्हणालं, एका बोटाचाच तर प्रश्न आहे, सोडून द्या. ताईचा चेहरा पांढरा पडला होता. "दुसऱ्यांचे चौदा नाकारले, आणि माझा आहे म्हणून सोडू?" ती म्हणाली, आणि तिने स्वतः नकारावर सही केली. दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले.

याला तीनच आठवडे झाले होते, तेव्हा शाळेतला कार्यक्रम आला. तिथे ताईने मंडळाची सगळ्यांत जुनी घोडी नेली होती. वय एकोणीस, स्वभाव तिरसट, म्हणून तिला सगळे आत्याबाई म्हणतात. वंशवहीतले निम्मे घोडे तिच्याच वंशाचे. मुलांना दाखवायला काकांनी तिला मोजलं आणि ताईने वहीतला जुना आकडा मोठ्याने वाचला, "बारा मुठी, तीन बोटं."

काकांनी पट्टी उचलून पुन्हा टेकवली.

"काय झालं, काका?"

"तेरा मुठी... एक बोट."

"म्हातारपणी आत्याबाईंना उंची फुटली!" सोबत आलेला नालबंद म्हणाला आणि सगळी शाळा हसली. ताईही हसली. मग तिचं हसणं मध्येच थांबलं.

तिने मला काकांच्या हातातून घेतलं आणि उलटं धरलं. माझ्या पायापासून पहिल्या मुठीच्या खुणेपर्यंत तिने आपली चार बोटं आडवी लावून पाहिली.

दोनच मावली.

"काका, हिचा बूट कधी गेला?"

"अकरा... अकरा वर्षं झाली असतील गं. का?" एवढं बोलून काका मटकन बाकावर बसले.

कुंपणानेच शेत खाल्लं, मित्रांनो. ज्यांनी हा वंश जपण्यासाठी जन्म घालवला, त्यांनीच तो खुडला, आणि ते विळा म्हणून मला वापरत होते. तेही किती काळजीने!

सध्या ताई नाकारलेल्या चौदाजणांच्या मालकांना एकेक करून फोन करते आहे. घोड्या परत मिळतील. पण कुठे एखादा नर खच्ची करायचा राहून गेला आहे का, हा तिचा पहिला प्रश्न असतो. अजून कोणी हो म्हणालेलं नाही. काका तिच्या शेजारी बसून नंबर वाचून दाखवतात. आता ते टेकायला साधी काठी वापरतात.

मी कचेरीच्या भिंतीवर टांगलेली आहे, पाय वर करून, म्हणजे येणाऱ्याला माझा बिनबुटाचा पाय आधी दिसावा. मित्रांनो, शहाण्यासारखं बोलणाऱ्या जुन्या वस्तूला जीव लावा, तिला तेल लावा, पण वर्षातून एकदा तिचा पायही तपासा. मापालाही माप लागतं.

काल नवी काठी आली. तिने पहिल्यांदा ढगोबाला मोजलं. तो नेहमीसारखा शहाण्यासारखा उभा राहिला. पट्टी लाल रेघेच्या एक बोट खाली थांबली. ताईने वही उघडली, त्याचं नाव लिहिलं, पुढे 'अस्सल' असं लिहिलं, आणि मग त्याच्या मानेत तोंड खुपसून ती खूप वेळ तशीच उभी राहिली.