एप्रिलचे तीन रिकामे रकाने

पेलतिये साहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "ऊलीपीकाबाई, हे तीन दिवस तुम्हीच भरा. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

एप्रिलची दहा, अकरा आणि बारा तारीख. वाऱ्याच्या रकान्यात यंत्रानं लिहिलेले शून्य साहेबांनी लाल शाईनं खोडले होते. शेजारचा, निरीक्षकाच्या नोंदीचा रकाना कोरा. दुपारी दोनच्या विमानानं वही दक्षिणेला जाणार होती. एकदा गेली की तिच्यातलं अक्षर कुणी बदलत नाही. एक प्रत खाली गावात, सभाघराच्या भिंतीवर लागते. ती सगळे वाचतात.

मी पेन उचललं आणि तशीच बसून राहिले. त्या तीन दिवसांत माझा भाऊ बर्फात गोठून मेला. साहेबांना वाटलं, बाई दुःखानं थांबलीय. दुःख होतंच हो, ते काय सांगायला हवं? पण हात अडला होता तो वेगळ्याच कारणानं.

सव्वीस वर्षं मी उत्तरेच्या बर्फातल्या या हवामान स्टेशनवर हवा लिहिली. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. आधी दंडका घेऊन शिडी चढायची. वर वारा मोजायच्या तीन वाट्या फिरतात, त्यांच्यावर बर्फाचा थर धरतो. तो हळूच ठोकून पाडायचा, तान्ह्या पोराची पाठ थोपटावी तसा, नाहीतर वाट्या मोडतात. मग चहूकडं आभाळ बघायचं. स्टेशनमागं टेकडी आहे, शिडी चढल्याशिवाय वायव्य दिसतच नाही. मग खाली येऊन लिहायचं आणि वायरलेसवर गावाला वाचून दाखवायचं. अठरा घरं एकेक करून म्हणणार, "ऐकलं." एखादं घर गप्प राहिलं तर मी तिथं माणूस पाठवायची. सगळं ठीक आहे ना, बघून ये म्हणून.

फेब्रुवारीत नवं यंत्र आलं. ते स्वतःच मोजतं आणि स्वतःच बोलतं म्हणे. साहेब म्हणाले, "आता आराम करा बाई. आणि तो दंडका तेवढा नको. यंत्र नाजूक आहे."

"मग बर्फ कोण पाडणार? तुम्ही?"

"आत हीटर आहे."

होता. मार्च संपायच्या आत बंद पडला, आणि मग चार विमानं आली, पण नवा हीटर आला नाही. तोवर मला स्वयंपाकघरात भांडी घासायला बसवलं होतं. सव्वीस वर्षं आभाळ वाचणारी बाई साहेबांच्या कढया खरवडत होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. कढईला जीभ असती तर तिनं सांगितलं असतं मी काय काय बोलायचे ते.

आता भावाचं. तुलुगाक माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. तो जन्मायच्या आधीच्या हिवाळ्यात आमचे वडील गेले, म्हणून त्यांचंच नाव त्याला ठेवलं. आमच्यात नाव दिलं की माणूस परत येतं. मी सात वर्षांची पोर बापाला पाठीवर घेऊन हिंडायची, बापाचा शेंबूड पुसायची! मी त्याला बाबा म्हणायचे आणि तो मला पोरी. पन्नाशी उलटली तरी चारचौघांत हाक मारणार, "पोरी, उभी काय राहिलीस, बापाला चहा दे." त्याची बायको आलासी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तीही मग माझी आईच. या घराचा हिशेबच उलटा.

आणि बापाला जाऊ नका म्हणायची आमच्यात रीत नाही. शिकारीला निघालेल्या माणसाला तर कुणीच अडवत नाही. त्याची वाट त्याला ठाऊक. त्यानं विचारलं तर मात्र सांगायचं. मी सव्वीस वर्षांत कुणाला जाऊ नकोस म्हटलं नाही. वारा सांगायचे. ज्याला कळायचं त्याला कळायचं, आणि तो घरी बसायचा.

दहा तारखेला रात्रभर समुद्रावरून धुकं चढलं होतं, पहाटे ते विरलं. सहाला मी सवयीनं शिडी चढले. साहेबांनी चढू नका म्हटलं होतं, तरी चढले. वाट्या पिठाच्या गोळ्यांसारख्या फुगून पांढऱ्या, जागच्या जागी घट्ट. आणि वायव्येला, टेकडीपलीकडं, जमिनीलगत काळी पट्टी. तिच्या कडेला बर्फ उडत होता. दहा वाजायच्या आत वादळ येणार, हे मला चहाच्या पाण्याला उकळी येणार हे कळावं इतकं स्वच्छ कळलं. दंडका स्वयंपाकघराच्या दारामागं होता. पंधरा पावलं.

तेवढ्यात वायरलेसवर यंत्र बोललं. "वारा शून्य. दूरवर स्वच्छ दिसते."

मी हसले. खरं तेच सांगते, हसले. म्हटलं, होऊ दे साहेबांची फजिती. घासा म्हणावं आता तुम्हीच तुमच्या कढया.

दहा मिनिटांत दारात स्नोमोबाईल थांबली. बाबा. मागं घसरगाडी जोडलेली, बंदूक पाठीला.

"पोरी, चहा आहे का? कॅरिबू हरणांच्या मागं निघालोय. तुझी आई कुरकुरतेय, घरात मांस नाही म्हणून."

"जा की मग."

चहा फुंकत तो म्हणाला, "यंत्र म्हणतंय वारा शून्य. तुझं काय म्हणणं?"

त्यानं विचारलं. रीतीप्रमाणं, सरळ, तोंडावर विचारलं.

"माझं कसलं म्हणणं, बाबा? मी भांडीवाली. त्या शहाण्यालाच विचारा."

तो पोट धरून हसला. "अगं, रुसलीस होय! एवढी म्हातारी पोरगी, अन् रुसते बघ कशी." कप उपडा ठेवला. "संध्याकाळी कॅरिबूची जीभ आणून देतो तुला. मग तरी हसशील ना?"

मी पाठ फिरवून कढई घासत राहिले. आवाज लांब जाईपर्यंत घासत राहिले.

नऊ वाजता मला धीर निघेना. धावत वायरलेसवर गेले, हाका मारल्या, बाबा, बाबा, मागं फिरा. तोवर तो टप्प्याबाहेर गेला होता. दहा वाजता वारा आला. तीन दिवस स्वयंपाकघराचं छप्पर थडथडत होतं, दोघादोघांनी धरल्याशिवाय दार लागत नव्हतं, आणि यंत्र दर तासाला सांगत होतं, वारा शून्य, वारा शून्य.

तेरा तारखेला गावकऱ्यांना तो सापडला. उलट्या घसरगाडीच्या आडोशाला बसलेला. दोन कॅरिबू नीट बांधलेले. आणि कोटाच्या आत, छातीशी, फडक्यात गुंडाळलेली एक जीभ. गोठू नये म्हणून आत ठेवली असणार.

मग गाव पेटलं. सभाघरात दक्षिणेकडून आलेल्या मोठ्या साहेबांपुढं आलासी उभी राहिली आणि म्हणाली, "यंत्रानं माझा माणूस मारला. आमची ऊलीपीका शिडीवर असती तर तो आज घरात असता." यंत्राविरुद्धच्या अर्जावर अठराच्या अठरा घरांनी सही केली. यंत्राचं बोलणं बंद झालं, मला माझी जागा परत मिळाली. बाहेर पडताना आलासीनं माझे हात धरले. "पोरी, तुझ्यावर केवढा अन्याय केला गं यांनी."

मी मान हलवली. मान हलवली मी! तिच्या नवऱ्याला मी मारलं आणि वर तिच्याकडून सांत्वन घेतलं.

तर आता वही पुढ्यात होती. साहेब घड्याळाकडं बघत म्हणाले, "अंदाजानं लिहा हो. पहाटे शांत होतं, मग वादळ अचानक आलं. असंच ना?"

अचानक. तो एक शब्द लिहिला असता तर मी सुटले असते. साहेबही सुटले असते, यंत्रही. आलासीनं मला जन्मभर पोरी म्हणून जवळ घेतलं असतं. मेलेलं माणूस तर काही येणार नव्हतं. मी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. एकदा तापानं फणफणत सव्वासहाला शिडी चढले होते, तर सहा नव्हे, सव्वासहाच लिहिलं होतं मी. आणि बाबांच्या मरणाच्या दिवशी खोटी हवा लिहू?

आमच्या लिपीत लिहिलं.

"दहा एप्रिल, सकाळी सहा. वाट्या गोठलेल्या. वायव्येला काळी पट्टी, बर्फ उडताना दिसला. वादळ येणार हे निरीक्षकाला ठाऊक होतं. तुलुगाकनं विचारलं. निरीक्षकानं सांगितलं नाही."

खाली नाव घातलं. पुढचे दोन दिवस भरले, वाऱ्याच्या अंदाजासकट. साहेबांना आमची लिपी येत नाही. त्यांनी पान वरखाली बघितलं, "छान, सविस्तर आहे," म्हणाले आणि खाली सही ठोकली.

प्रत मीच खाली नेली आणि सभाघराच्या भिंतीला चार खिळे मारून लावली. घरी येऊन दार लावून बसले. कुणी आलं नाही. शिव्या द्यायलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला शिडी चढले, वाट्या ठोकल्या, आभाळ बघितलं. खाली येऊन वायरलेसवर वाचलं, "उणे एकोणीस. वारा पूर्वेचा, हलका. आभाळ मोकळं."

"ऐकलं," पहिलं घर म्हणालं. मग दुसरं. आवाज कोरडे होते, पण आले. सतरा मोजले. अठरावं आलं नाही. पुन्हा वाचलं, तरी नाही.

उत्तर आलं नाही तर त्या घरी माणूस पाठवायचा, ही रीत माझीच. कुणाला पाठवणार होते? कोट चढवला आणि उतरून गेले. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग आलासीनं दार उघडलं, डोळे सुजलेले, केस मोकळे. तिच्यामागं खुंटीवर बाबांचे हातमोजे तसेच लटकत होते.

"आई," मी म्हटलं.

"जिवंत आहे मी," ती म्हणाली. "जा, लिही तुझ्या वहीत."

आणि तिनं दार लावून घेतलं.