लिफ्टच्या दारातली खुर्ची

"उठा सोळुंके. शेवटचं सांगतोय," संभाजीराव म्हणाले.

वैजनाथ सोळुंके उठले नाहीत. लिफ्टच्या उघड्या दारात अर्धी आत, अर्धी बाहेर अशी लोखंडी खुर्ची टाकून ते बसले होते. दार मिटायला यायचं, खुर्चीला लागायचं आणि परत उघडायचं. आतली ध्वनिमुद्रित बाई दार बंद करा म्हणून हिंदीत विनवत होती. तिचंही ते ऐकत नव्हते.

रविवार, सकाळचे साडेनऊ. अकरा वाजता बाराव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये संभाजीरावांच्या मुलीचा, उत्कर्षाचा साखरपुडा होता. दीडशे माणूस यायचं होतं. दोन लिफ्टपैकी एक आठवडाभर बंदच होती आणि दुसरीच्या दारात आमचे मेंटेनन्स मॅनेजर ठाण मांडून बसलेले.

आमची गोकुळछाया सोसायटी खराडीत संभाजीरावांच्या वडिलोपार्जित शेतावर उभी आहे, म्हणून ते अध्यक्ष आहेत. मी सचिव आहे, कारण त्या मीटिंगला मी वेळेवर गेले होते. जन्म सदाशिव पेठेत काढलेल्या बाईला ही खोड असते.

सोळुंक्यांना नेमलं मीच. सव्वीस वर्षं फौजेत, तीही गाड्या-तोफा दुरुस्त करणाऱ्या खात्यात, आणि सुभेदार म्हणून निवृत्त. मुलाखतीत मी विचारलं, हाताखाली काय काय होतं? म्हणाले, "दोनशे दहा गाड्या, अकरा क्रेन आणि एकशे चाळीस माणसं." आमच्याकडे दोन लिफ्ट, एक जनरेटर, तीन पंप आणि कमी ऐकू येणारा एक वॉचमन. "चालेल ना?" म्हटलं, तर म्हणाले, "चालवू, मॅडम."

ही त्यांची तिसरी नोकरी. आधी एक कारखाना, मग एक हॉस्पिटल. दोन्हीकडे वर्षभरसुद्धा टिकले नव्हते. का सोडलं विचारल्यावर "सही करा म्हणत होते" एवढंच म्हणाले. मला तेव्हा वाटलं, सही करायला माणसाचं काय जातं.

सहा महिने बघू, मग कायम करू, असं ठरलं होतं. ते सहा महिने त्याच रविवारी पूर्ण होत होते. कायम केल्याचं पत्र दोन दिवस माझ्या पर्समध्ये होतं, अध्यक्षांच्या सहीसकट. सोळुंक्यांना ते फार हवं होतं. पेन्शन होतं, पोटाचा प्रश्न नव्हता. पण एकदा पंपाच्या खोलीबाहेर चहा पिताना ते म्हणाले होते, "मुलगी म्हणते, बाबा, या वेळी जरा जुळवून घ्या. फौज सुटली आता. इथं जमेल असं वाटतंय, मॅडम. पोरं काका म्हणतात." आणि खरंच ते जुळवून घेत होते. 'जय हिंद' सोडून 'नमस्कार' म्हणायला लागले होते. पाणी का आलं नाही म्हणून भांडायला येणाऱ्यांना 'बघतो' म्हणायला शिकले होते. पुण्यात राहायला तेवढं पुरतं.

मग त्या आठवड्याच्या सोमवारी ही दुसरी लिफ्ट मजल्याच्या अर्धा इंच खाली थांबली. बुधवारी एक इंच. शनिवारी संध्याकाळी सहा माणसं घेऊन ती दोन इंच खाली थांबली आणि थांबल्यावरही किंचित सरकली. सोळुंक्यांनी रोज पट्टीने मोजून ते रजिस्टरात लिहिलं होतं. ब्रेक धरत नव्हता. लिफ्टच्या कंपनीने माणूस सोमवारी येईल म्हणून सांगितलं. सोळुंक्यांनी वरच्या मशीनच्या खोलीत जाऊन वीज तोडली, कुलूप घातलं आणि दारावर 'बंद' लिहिलेली लाल पाटी लावली.

"एवढी पाटी पुरेल?" मी विचारलं.

"फौजेत गाडीला लाल पाटी लागली की कर्नलसाहेबसुद्धा पायी जातात, मॅडम."

त्यांची चूक झाली ती इथे. संभाजीरावांचा पुतण्या पियुष याच्याकडे प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली असते. रविवारी सकाळी सोळुंके आले, तेव्हा लिफ्ट चालू होती, फुलांच्या टोपल्या वर जात होत्या आणि पाटी कचऱ्याच्या डब्यात होती. त्यांनी ती काढली, रुमालाने पुसली. पुन्हा कुलूप घातलं तरी ते पुन्हा उघडणार होतं, म्हणून या वेळी त्यांनी वॉचमनची खुर्ची उचलली.

"मॅडम, तुम्ही तरी सांगा ह्यांना," संभाजीराव माझ्याकडे वळले. "पाहुणे बारा मजले चढणार हायेत का?"

मी पुढे झाले. माझ्याही गुडघ्यांना लिफ्ट लागते. "सोळुंके, एक दिवसाचा प्रश्न आहे. चार-चार माणसं सोडू. मी स्वतः उभी राहते."

"चार म्हटलं की सहा बसतात, मॅडम. लग्नकार्यात कोण मोजतं?"

"आज तुमचं पत्र द्यायचं आहे," मी हळूच म्हटलं. म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात मांडीवर होते, ते त्यांनी घट्ट मिटले. "माहीत आहे," ते म्हणाले. त्यांना भीती वाटत नव्हती असं मुळीच नाही.

पियुष मोबाइलवर शूटिंग करत होता. "काका, चिल ना. काल संध्याकाळपर्यंत चालू होती ती. काय झालं? कुछ नहीं हुआ."

"काही झालं नाही, हेच आमचं काम असतं," सोळुंके म्हणाले.

दहा वाजता संभाजीरावांनी त्यांच्या खांद्याला धरलं. खुर्ची करकरली. सोळुंक्यांनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली, पण अंगावर गेले नाहीत. केटररची चार माणसं हातात पातेली घेऊन तशीच उभी राहिली. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिन्यातून म्हणाले, "चालू द्या, आम्हाला घाई नाही."

तेवढ्यात फाटकातून जीप आत आली. संभाजीरावांची आई, सरुबाई, लोणी काळभोरच्या मळ्यातून आल्या होत्या. वय ब्याऐंशी, हिरवं नऊवारी, हातात काठी. संभाजीरावांनी खांद्यावरचा हात काढला.

सरुबाई थेट लिफ्टपाशी आल्या. "का रं बाबा, दारात का बसलास?"

"आजी, ब्रेक धरत नाही हिचा."

"पडंल का?"

"पडेलच असं नाही. पडणार नाही, असं मात्र मला लिहून देता येणार नाही."

"तू बसशील हिच्यात?"

सोळुंक्यांनी विचार केला. "एकटा बसेन. तुम्हाला बसवणार नाही."

सरुबाई काठीवर रेलल्या. "मोटंचा नाडा झिजला की आमचं मालक बैल सोडायचं," त्या म्हणाल्या. "पीक वाळलं तरी सोडायचं." मग मुलाकडे न बघताच म्हणाल्या, "संभा, पोरीला खाली आण. हितंच करू."

"आई, पार्किंगमध्ये? त्यांच्याकडची लोकं काय म्हणतील?"

"म्हणतील, घरात म्हातारी जित्ती हाय."

आईपुढे संभाजीरावांचं काही चाललं नाही. गाड्या बाहेर काढल्या, सतरंज्या अंथरल्या, फुलांच्या माळा खांबांना गुंडाळल्या. उत्कर्षा शालू सावरत बारा मजले उतरून आली. आधी रडली, मग हसली. मुलाकडची माणसं भली होती. हवा छान आहे म्हणाली. पण संभाजीरावांचा चेहरा मी पाहत होते. ज्या जमिनीचे ते मालक होते, त्याच जमिनीवर पगारी माणसाने त्यांना चारचौघांत खाली उतरवलं होतं. ते सुटणार नव्हतं.

लिफ्ट पडली असती का? दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, ब्रेकच्या झिजलेल्या पट्ट्या बदलल्या आणि "चाललीही असती, नसतीही" म्हणून गेला. म्हणजे ते कधीच कळायचं नाही. बरोबर वागलेल्या माणसाला तेवढाही पुरावा मिळत नाही, याचा मला अजून राग येतो.

पंगत बसायच्या आधी संभाजीरावांनी मला ऑफिसात बोलावलं. "लिहा. आत्तापासून काढलं."

मी लिहिलं. अध्यक्ष म्हणून त्यांची सही, सचिव म्हणून माझी. माझा हात थांबला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. सही करायला माणसाचं काय जातं, ते त्या दिवशी कळलं.

कागद नेऊन मी सोळुंक्यांच्या हातात दिला. तीन तास ते त्याच खुर्चीवर होते. पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं. त्यांनी कागद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलले. मुलीला कसं सांगायचं, याची जुळवाजुळव चालली असावी.

"वेळ घातली नाही, मॅडम."

"बारा पन्नास," मी म्हटलं. त्यांनी खिशातलं पेन काढून वेळ लिहिली, घडी घातली, कागद ठेवला आणि बसून राहिले.

"आता उठा की," संभाजीराव म्हणाले. "तुम्ही मॅनेजर न्हाय राहिलात."

"उठतो. चार्ज कोणाला देऊ?"

"कसला चार्ज?"

"या दाराचा. मी उठलो की पियुषशेठ वरचं बटण दाबणार आणि खाली जेवलेली माणसं वर घरी जाणार. घेणारा आल्याशिवाय जागा सोडता येत नाही मला. कोणीही घ्या."

वॉचमनने ऐकू आलं नसल्यासारखं केलं. पियुष मोबाइलमध्ये बघत राहिला. सोळुंक्यांनी माझ्याकडे बघितलं. आग्रह नव्हता त्यात, नुसतं विचारलं. तीन शब्द पुरले असते, मी बसते इथे. मी पर्सचा पट्टा नीट करत राहिले. आत ते दुसरं पत्र होतं.

पंगतीतून सरुबाई उठून आल्या. हात धुतलेले, पदराला पुसत. मागून कोणी तरी, आजी, भात व्हायचा आहे, म्हणत होतं.

"ऊठ," त्या सोळुंक्यांना म्हणाल्या. "म्या बसते."

"आजी, कंपनीचा माणूस उद्या येणार आहे."

"येऊ दे की. आज मी, उद्या संभा. बसंल त्यो. न बसून सांगतो कुणाला?"

सोळुंके उठले. पाय आखडले होते, म्हणून क्षणभर चौकट धरून उभे राहिले. सरुबाई खुर्चीत बसल्या. दार मिटायला आलं, त्यांच्या काठीला लागलं आणि मागे गेलं.

मग सोळुंके त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले. त्यांनी रजिस्टर उघडून वाचून दाखवलं. लिफ्ट क्रमांक दोन. बंद. कारण, ब्रेक. शनिवारचं माप दोन इंच. मशीनच्या खोलीची किल्ली एक, दुसरी पियुषकडे. लाल पाटी एक. सरुबाई प्रत्येक ओळीला मान हलवत होत्या. शेवटी त्यांनी किल्ली घेऊन कमरेला खोचली आणि पाटी मांडीवर ठेवली.

"हितं काय करायचं?" त्यांनी रजिस्टराकडे बोट केलं.

"सही, आजी."

"आंगठा चालंल?"

"चालेल."

माझ्या पर्समध्ये शाईचं पॅड होतं. ते मी दिलं. त्या दिवशी माझ्याकडून तेवढंच झालं.

सोळुंक्यांनी अंगठ्याखाली वेळ लिहिली, एक वाजून पाच मिनिटं. रजिस्टर माझ्या हातात दिलं, आणि सहा महिने सांभाळलेला 'नमस्कार' विसरून म्हणाले, "जय हिंद, मॅडम." मग सतरंज्यांच्या कडेने, कोणाच्या पानावर पाय पडणार नाही असं बघत, फाटकाकडे चालत गेले.