पाखरांसाठी झाडलेली वाळू

दोन हजार बावीस साली, दसरा होऊन आठवडा उलटला होता तेव्हा, धाकट्या जुव्यावर पहिले दुर्बिणवाले उतरले. नाटे गावाच्या बाजूला खाडी समुद्राला मिळते तिथे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला हा जमिनीचा तुकडा. इथे जन्मलेली माणसं मुंबईला जातात, मस्कतला जातात, कुवेतला जातात. मुद्दाम होडीत बसून इथे राहायला येणारा माणूस जैतुनबी होडेकरने तोवर पाहिला नव्हता. शिरगणतीचा मास्तरसुद्धा होडीतूनच हाका मारून घरात माणसं किती ते विचारायचा आणि तसाच परत फिरायचा.

आणि हे येणार होते पाखरं बघायला.

"महरीन, त्यांच्या गावात पाखरं नाहीत?" जैतुनबीने सुनेला विचारलं.

"आहेत अम्मी. पण अशी नाहीत. ही थंडीच्या दिवसांत परदेशातून येतात."

"अशी म्हणजे कशी? शिंगं आहेत यांना?"

जैतुनबी लग्न होऊन जुव्यावर आली ती सासऱ्याच्या मचव्यातून. तेव्हाही शिडाच्या काठीवर पांढरी पाखरं बसून आली होती आणि तांडेलाने त्यांना आईबहिणीवरून शिव्या देत फडक्याने उडवून लावलं होतं. त्या काळी कोणी पाखरांकडे टक लावून बसलं तर त्याला कामचुकार म्हणत, नाहीतर घाईघाईने त्याचं लग्न लावून देत. आता तेच करायला लोक रजा काढून येतात, ही तिच्या मते जग बिघडल्याची खूण होती.

पण ती तोंड मिटून होती, आणि त्याला कारण एकच. साकिब. तिचा एकुलता एक मुलगा विशीत कुवेतला गेला तो आता चाळिशी ओलांडून गेला होता. तिकडे मोठमोठ्या इमारतींना एसीचे पत्रे ठोकत होता. मागच्या रमजानला आला तेव्हा आईच्या हातावर हात ठेवून म्हणाला होता, "अम्मी, महरीन म्हणते तशा तीन खोल्या बांधतो. पाहुण्यांचा एक हंगाम नीट गेला की मी कायमचा घरी." एवढ्यासाठी जैतुनबीने पाखरं काय, बेडकं बघणारे आले असते तरी त्यांना चहा करून दिला असता.

या सगळ्याच्या मुळाशी होता सर्वेश. रत्नागिरीचा. आधी विमा विकायचा, मग जमिनी दाखवायचा, आता पक्षीतज्ज्ञ झाला होता. आदल्या वर्षीच्या थंडीत तो अंगभर झाडपाला छापलेले कपडे घालून जुव्यावर आला. पाखरांना दिसू नये म्हणून तो वेश. आणि पायात पोपटी रंगाचे बूट. होडेकरांच्या घरासमोरच्या वाळूवर पांढऱ्या कुरव पाखरांचा थवा बसला होता, इतका की वाळू दिसत नव्हती. सर्वेशचे डोळे भरून आले. त्याने जैतुनबीचा हात धरला. "आजी, तुम्ही कुठे राहता याची तुम्हाला कल्पना नाही!"

पन्नास वर्षं राहत होती. कल्पना नव्हती.

खोल्या झाल्या. वाळूकडे तोंड करून लांबलचक पडवी झाली, तिला आरशासारखी चकचकीत लादी. मग सर्वेशचा फोन आला. "सगळं छान आहे, महरीनताई. फक्त ती मासळी तेवढी हलवा. पाहुणे पुण्याचे आहेत, त्यांना वास सहन होत नाही. परिसर निसर्गरम्य वाटला पाहिजे."

मासळी कमळाची. कमळा पलीकडच्या बंदरवाडीतली. नारळी पौर्णिमा झाली की ती आणि तिच्या सुना रोज सकाळी जुव्याची ने-आण करणाऱ्या अयूबच्या होडीतून बांगड्यांच्या पाट्या घेऊन यायच्या, होडेकरांच्या दारात बसून मासे चिरायच्या, आतडी तिथेच टाकायच्या, मीठ भरून मासळी वाळूवर वाळत घालायच्या. बंदरवाडीला एवढी उघडी वाळू नव्हती. कमळाच्या सासूपासून हे असंच चाललं होतं. त्या बदल्यात होडेकरांच्या घरी कधी खारा बांगडा विकत आणावा लागला नव्हता.

जैतुनबी स्वतः सांगायला गेली.

"कमळे, हा हंगाम तुझं बस्तान दुसरीकडे हलव."

"कुठे हलवू? डोक्यावर वाळत घालू?"

"पाहुणे येतायत. त्यांना वास चालत नाही."

"माझी सासू सांगायची, तुझं वऱ्हाड उतरलं तेव्हा हितं बोंबील सुकत होते. तेव्हा कोण नाक धरून उभं नव्हतं गो."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? तेव्हा पडवीला शेण व्हतं, आता लादी आली, एवढंच ना?" कमळाने सुरी वाळूत खुपसून पुसली. "ऱ्हावा सुखात. मी परत नाय यायची, बोलवलंस तरी."

"कोण बोलावतंय!" जैतुनबी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सासू-सुनेने वाळू झाडायला घेतली. खवले वेचले, माशांची हाडं गोळा केली, काळी पडलेली वाळू खरवडून भरतीच्या पाण्यात लोटली. तेवढ्याने जैतुनबीचं समाधान होईना, तेव्हा तिने किनाऱ्यावर उदबत्त्या लावल्या. खाडीतून जाणारे मासेमार विचारू लागले, होडेकरांकडे काय आहे म्हणून.

पाहुणे आले. एक डॉक्टर, निवृत्त झालेलं एक जोडपं, कंप्युटरवाली दोन पोरं, आणि एक बाई, तिच्या गळ्यात लहान मुलाएवढा कॅमेरा. सगळे कुजबुजत बोलत. पहिल्या रात्री जेवताना जैतुनबीला वाटलं, यांच्यात कोणी वारलं की काय. मग महरीनने समजावलं, की पाखरं बुजू नयेत म्हणून यांना तशी सवय असते. "पाखरं काय भातात बसली आहेत?" असं जैतुनबी पुटपुटली, पण माशाची आमटी वाढत राहिली.

कॅमेरेवाल्या बाईने साकिबचा फोटो पाहून विचारपूस केली. मग मान तिरकी करून हळूच म्हणाली, "म्हणजे तुमचा मुलगाही एक स्थलांतरित पक्षीच की हो."

"पाखरांना व्हिसा लागत नाही, बाई," जैतुनबी म्हणाली. "भात घ्या."

सकाळी उजाडायच्या आत सगळे वाळूवर. कॅमेऱ्यांची तिकाटणी रोवली, टोप्या घातल्या, दुर्बिणी डोळ्यांना लावल्या. समोर झाडलेली, धुतलेली, लख्ख वाळू. तिच्यावर दोन कावळे आणि एक ढोकरी. ढोकरीसुद्धा कंटाळून उडाली.

"भरती आली की येतील," सर्वेश म्हणाला.

भरती आली. "ओहोटी लागली की येतील," तो म्हणाला.

दुपारी डॉक्टरांनी जैतुनबीच्या कोंबडीचे फोटो काढले. कंप्युटरवाल्यांतला एकजण म्हणाला, की सहलीला निघताना सर्वेश सरांनी तीन तरी लायफर नक्की म्हणून सांगितलं होतं. लायफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेलं पाखरू, हे महरीनने सासूला सांगितलं. जैतुनबीने कोंबडीकडे बघितलं, मग खाडीपलीकडे.

तिला एव्हाना दिसलं होतं. खाडीच्या पलीकडे बंदरवाडीचा काठ पांढरा झाला होता, कोणी चुन्याचं पोतं उपडं करावं तसा. मधूनच तो पांढरा काठ हवेत उठत होता आणि परत खाली बसत होता. त्याच्या बरोबर मध्ये कमळाचं लाल लुगडं. बांगड्याची आतडी जिथे, तिथे पाखरं. एवढी साधी गोष्ट पन्नास वर्षं डोळ्यांसमोर होती आणि ना तिला कळली, ना महरीनला, ना त्या झाडपाला पांघरलेल्या तज्ज्ञाला. पाखरांसाठी वाळू झाडली, आणि पाखरं कचऱ्याबरोबर गेली.

तिने कोणाला सांगितलं नाही. पडवीत मुद्दाम बंदरवाडीकडच्या बाजूला चादरी वाळत घातल्या. पण दुर्बिणीपुढे चादर किती टिकणार? चारच्या सुमाराला निवृत्त गृहस्थ ओरडले, कुजबुजायचं विसरून. पाहुण्यांनी चहा तसाच सोडला आणि अयूबच्या होडीत उड्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी ते दिवसभर तिकडेच, कमळाच्या अंगणात, पालथ्या पाट्यांवर बसले. वास कोणालाच आला नाही. मोठा काळ्या डोक्याचा कुरव दिसला, समुद्रगरुडाने डोळ्यांदेखत झडप घातली, कॅमेरेवाली बाई म्हणे रडली. सर्वेशने तिथे उभं राहून माणसाने पक्ष्यांच्या अधिवासात ढवळाढवळ केली की काय होतं यावर सगळ्यांना सुनावलं. बोट जुव्याकडे दाखवून.

पुढची तुकडी त्याने परस्पर कमळाच्या ओटीवर उतरवली.

साकिबचा फोन आला. महरीनने फोन सासूच्या हातात दिला आणि ती आत निघून गेली.

"अम्मी, नाही जमलं तर नाही जमलं," तो म्हणाला. "जिवाला लावून घेऊ नका. इथे करार वाढवून मिळतोय. महिनाअखेर सही करतो."

"करू नकोस. पाहुणे यायचेत अजून."

"सर्वेश तर म्हणाला, आता जुव्यावर..."

"सर्वेशला काय कळतंय! महिनाअखेरपर्यंत थांब म्हणतेय ना मी."

फोन ठेवला, आणि ती तशीच अयूबच्या होडीत जाऊन बसली. अयूबने कुठे म्हणून विचारलं नाही. वल्ह्याच्या एका माराला एकदा असा तो खुसुखुसु हसत राहिला.

"हस, हस," जैतुनबी म्हणाली. "दात पडायच्या आत हसून घे."

कमळा बांगडे चिरत होती. तिने वर बघितलं नाही. चारी बाजूंनी कुरव किंचाळत होते, एक तर तिच्या खांद्यावरून आतडं ओढून नेत होता.

"आलंस गो?"

"आले."

"पाखरं बघायला आलंस? बस त्या पाटीवर. चा सांगते. पुण्याची माणसं पण तिथंच बसतात."

"कमळे, परत चल."

"वास येतो ना माझा?"

"येतो. चल."

"तुझ्या पाव्हण्यांना..."

"पाव्हण्यांना घाल खाडीत. साकिब सही करतोय तिकडे. पाखरं आली तर पाहुणे येतील, पाहुणे आले तर तो येईल. आता बोलायचं ते बोलून घे, ऐकायलाच आले आहे मी."

कमळाची सुरी थांबली. तिचे दोन्ही मुलगे मुंबईला होते, मोठा तर तीन गणपतींना आला नव्हता. पण तिने लगेच हो म्हटलं असतं तर ती कमळा कसली?

"वाळूत नाय बसणार मी," ती म्हणाली. "जन्म गेला उन्हात. तुझ्या नव्या पडवीत बसेन. लादीवर. सावलीत."

"लादीवर? मासे चिरायला?"

"मग काय निजायला?"

जैतुनबीच्या डोळ्यांपुढे ती आरशासारखी लादी आली. साकिबने फोनवरून रंग निवडला होता, तीनदा बदलून. "बस," ती म्हणाली.

आठवड्याभरात वाळू पूर्वीसारखी घाण झाली आणि पूर्वीसारखी पांढरी. पाखरं आता पडवीच्या पायरीपर्यंत येऊ लागली. एक कुरव तर लादीत आपलंच रूप बघून त्याच्याशी भांडत बसायचा. सर्वेश आला, नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मी सुरुवातीपासून सांगत होतो, पारंपरिक मासेमारी आणि पक्षी यांचं अतूट नातं आहे." कमळाने त्याच्या पोपटी बुटांवर बांगड्याचं पाणी सांडलं, चुकून, असं ती म्हणते. पाहुणे खाटा खिडकीशी ओढून अंथरुणातूनच पाखरं बघत आणि नाकपुड्यांत कापूस घालून झोपत. नाताळात महरीनला माणसं परत पाठवावी लागली, एवढी रीघ. साकिबने सांगितलेली महिनाअखेर त्याआधीच येऊन गेली होती, आणि त्याने सही केली नव्हती.

जानेवारीत त्याचा फोन आला. आवाजात इतका आनंद, की जैतुनबी उठून उभी राहिली.

"अम्मी, महरीनने सगळं सांगितलं. तुम्ही कमालच केलीत! एवढं चालतंय म्हटल्यावर आता तीन खोल्यांवर कशाला थांबायचं? वर मजला टाकू. मी सही केली दोन वर्षांची. मजल्यापुरती फक्त."

जैतुनबी खाली बसली. पडवीतून कमळा ओरडून विचारत होती, "काय म्हणतो गो झील?"

"मजला म्हणतो," जैतुनबी म्हणाली.

या गोष्टीला अजून फार वर्षं झाली नाहीत, पण माणसं जिथे पोहोचायची तिथे पोहोचली. सर्वेश मासळी आणि पक्षी या विषयावर व्याख्यानं देतो, रत्नागिरीच्या हॉलमध्ये, एसी लावून. अयूबने होडीला इंजिन बसवलं आणि नाव बदलून 'फ्लेमिंगो' ठेवलं. फ्लेमिंगो त्याने अजून पाहिलेला नाही. महरीनला सगळ्या पाखरांची नावं पाठ आहेत. ती कुजबुजत बोलू लागली आहे, त्यामुळे सासूला तिचं निम्मं ऐकू येत नाही. कमळाचे गुडघे गेले. ती पडवीत खुर्ची टाकून बसते, सुना चिरतात, ती पाहुण्यांना नावं ठेवते. तिचा थोरला मुलगा मागच्या गणपतीला आला, दोन दिवस राहिला.

साकिबचा मजला पूर्ण झाला. दोन वर्षांची सही संपली तेव्हा त्याने पाहुण्यांसाठी स्वतःची होडी घ्यायचं काढलं आणि तिच्यापुरती अजून एक केली. तो दर वर्षी महिनाभर येतो, रजा मिळते तेव्हा, म्हणजे ऐन पावसात, जेव्हा जुव्यावर पाखरूही नसतं आणि पाहुणाही.

जैतुनबी आहे तिथेच आहे. वरच्या मजल्यावरची समुद्राकडची खोली, पावसात साकिब निजतो ती, सगळ्यात चांगली, तिथून समुद्रगरुडाचं घरटं दिसतं, असं सर्वेश म्हणतो. मागच्या हंगामात त्याने कोणा मोठ्या माणसासाठी ती मागितली.

"ती मिळायची नाही," जैतुनबी म्हणाली. "बुक आहे."

"कधीपर्यंत, आजी?"

"तुझ्या पाखरांना विचार," असं म्हणून ती चादरी वाळत घालायला गेली.