थॉर्नहेवनचा पायगुण

शैलाबाईंनी दाराशेजारच्या खिळ्यावरून तळघराची किल्ली काढली आणि सवयीने कपड्यांची टोपली काखेत घेतली. टोपली हलकी लागली. आत पाहिलं, तर रिकामी.

"आई, आज रविवार," संपदा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "आज मशीन नाही लावता येत. खालच्या मजल्यावरची बाई लगेच दारावर चिठ्ठी चिकटवते."

"खरंच की गं." त्यांनी टोपली खाली ठेवली. किल्ली मात्र हातातच राहिली.

बाहेरच्या खोलीत निहार आणि त्याचा मित्र विनय टीव्हीसमोर बसले होते, दोघांच्या अंगात सारख्याच हिरव्या-पांढऱ्या जर्सी. पडद्यावर थॉर्नहेवनचं मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. समुद्रावरचा वारा झेंड्यांना स्वस्थ बसू देत नव्हता.

"काकू, निघालात ना?" विनयने मान न वळवताच आपल्या जर्मन मिसळलेल्या मराठीत विचारलं. "आल्झो, आज तर तुम्ही हव्यातच. म्हणजे खाली हव्यात."

निहार हसला. "शेवटचंच गं आई. आज वाचलो की सुटलीस. आणि जाकीट घाल, खाली केलरमध्ये गार असतं."

"अरे, पण कपडे नाहीत, काही नाही," संपदा म्हणाली. "त्यांनी खाली बसून करायचं काय?"

"फक्त नव्वद मिनिटं."

"कावळा बसला आणि फांदी मोडली, तेवढंच झालंय ते. इंजिनियर ना तुम्ही दोघं?"

"गेनाऊ! अगदी बरोबर, म्हणूनच," विनय म्हणाला. "चालू असलेल्या यंत्राला हात लावायचा नाही, हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

"भांडू नका रे," शैलाबाई जाकिटाची चेन ओढत म्हणाल्या. "मला काय, नामस्मरण करत बसेन. देव काय चौथ्या मजल्यावरच राहतो?"

त्या बाहेर पडल्या. दार त्यांच्यामागे आपोआप लागलं. इथली दारं तशीच. एकदा लागली की आतल्या माणसाने उघडेपर्यंत उघडायची नाहीत.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या मोटारींच्या कारखान्यात लागण्याआधी निहार एक वर्ष इंग्लंडला शिकायला होता, त्या थॉर्नहेवन नावाच्या बंदराच्या गावी. तिथल्या फुटबॉल क्लबचं वेड त्याने हिवतापासारखं अंगात घेतलं, ते गाव सुटलं तरी उतरलं नाही. थॉर्नहेवन एका पिढीनंतर यंदा कुठे सगळ्यांत वरच्या श्रेणीत आलं होतं. वीस संघ, आणि वर्षअखेरीला शेवटचे तीन खाली ढकलले जाणार. "वरच्या वर्गात कसंबसं बसवलेलं पोर समज," निहारने आईला फोनवर समजावलं होतं. ते पोर ऑगस्टपासून मार खात होतं.

मार्चच्या सुरुवातीला शैलाबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या. पहिल्याच शनिवारी त्या धुण्याची टोपली घेऊन तळघरात उतरल्या आणि इकडे थॉर्नहेवनने गोल केला. त्या वर आल्या, पाणी प्यायल्या, आणि समोरच्यांनी गोल फेडला. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शनिवारी विनयने मांडीवर थाप मारली.

"काकूंचा पायगुण बघा लेको! काकू खाली, थॉर्नहेवन वर!"

सगळे हसले. शैलाबाईही हसल्या. हसता हसता त्यांनी साडीचा काठ जरा पावलांवर ओढून घेतला, तो कुणी पाहिला नाही.

त्या शब्दाशी त्यांची ओळख जुनी होती. कराडला लग्न होऊन आल्या, महिना भरायच्या आत धाकटा दीर कृष्णेत पोहायला गेला आणि परत आला नाही. सासूबाई फार रडल्या नाहीत. त्यांनी नव्या सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर हळूहळू खाली उतरत तिच्या पावलांवर येऊन थांबली. पांढऱ्या पायाची. तेव्हापासून घरात मुंज असो, साखरपुडा असो, नव्या दुकानाचा नारळ असो, ऐन मुहूर्ताला कुणीतरी गोड आवाजात म्हणायचं, "शैला, जरा आत बसतेस का?" आत म्हणजे कोठीच्या खोलीत, धान्याच्या पोत्यांजवळ. बाहेर वाजंत्री वाजायची. नंतर लहानगा निहार दोन मुठींत दोन लाडू घेऊन तिथे यायचा आणि आईच्या मांडीला टेकून खायचा. आत का बसलीस, असं त्याने कधी विचारलं नाही, आणि त्यांनी तो शब्द कधी त्याच्या कानावर पडू दिला नाही.

यजमान श्यामकांत मवाळ माणूस. आईपुढे त्यांचं तोंड उघडायचं नाही. पण संध्याकाळी ते बायकोला घाटावरच्या देवळात कीर्तनाला घेऊन जायचे. पहिल्याच सप्ताहात कीर्तन संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. शैलाबाई खांबाशी अंग चोरून उभ्या होत्या. एक म्हातारा, कोण कुठला, वाकला आणि त्याने सरळ त्यांच्या पावलांवर डोकं टेकवलं. पाय मागे घ्यायलाही त्याने वेळ दिला नाही. कपाळाचा बुक्का पावलाला लागला. त्या रात्री त्यांनी पाय धुतले नाहीत. पुढे कराडातलं एकही कीर्तन त्यांनी चुकवलं नाही. भगवंताच्या घरची रीत साधी होती. बसलेल्याला कुणी ऊठ म्हणायचं नाही, आणि आरती झाल्याशिवाय आपणही उठायचं नाही.

म्हणूनच त्या शनिवारमागून शनिवार मुकाट टोपली उचलत गेल्या. आपण वर बसलो आणि हे हरले, तर एक दिवस तो शब्द निहारच्या तोंडून निघेल. विनयचं काय, परका मुलगा, थट्टेखोर. पण निहारच्या तोंडून तो ऐकण्यापेक्षा तळघर परवडलं. मंगळवारी विमान होतं. एवढा रविवार निभावला की न ऐकता घरी पोचता येणार होतं.

तळघरात त्यांनी दिव्याचं बटण दाबलं. लाकडी फळ्यांच्या कप्प्यांमागे लोकांची टायरं, घसरगाड्या, मोडके पाळणे गप उभे होते. कपड्याच्या यंत्रांची रांगही गप. एरवी यंत्र चालू असलं की त्याच्या घुमण्याला एक ठेका असायचा, त्यावर एखादा अभंग छान बसायचा. कुणी ऐकत नसलं तरी सोबत व्हायची. आज त्या उलट्या क्रेटवर बसल्या आणि हळूच सूर लावला. तो भिंतींवर आपटून एवढा मोठा होऊन परत आला की त्या दचकून थांबल्या. रविवारी इथे गायलेलं चालतं की नाही, हे कुणाला विचारायचं राहूनच गेलं होतं.

दिवा गेला. इथला दिवाही थोड्या वेळाने आपला आपण जातो. त्यांनी उठून बटण दाबलं. परत बसल्या. डोक्यावर पाइपमधून कुणाच्या तरी घरचं पाणी धो धो वाहून गेलं. वरून एकदम पावलं धावल्याचा आवाज आला, की भासच झाला? आनंदाने धावले की डोक्याला हात लावून, ते चार मजले खालून कसं कळावं?

पुन्हा दिवा गेला.

बटणाचा नारिंगी ठिपका अंधारात दिसत होता. त्यांचा हात तिकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. यंत्रांनासुद्धा आज सुट्टी होती. शैला, जरा आत बसतेस का, हे त्यांना अगदी स्पष्ट ऐकू आलं. सासूबाईंचाच आवाज, तोच गोडवा. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की आज विनयने तोंड उघडायच्या आधीच किल्ली आपण खिळ्यावरून काढली होती.

त्या बराच वेळ तशाच अंधारात उभ्या राहिल्या. मग "पांडुरंगा," एवढंच म्हणाल्या आणि चाचपडत जिन्याकडे निघाल्या.

दारावरची घंटा त्यांनी वाजवली नाही, बोटांनी टकटक केली. संपदाने दार उघडलं. त्यांच्या अंगातलं जाकीट काढून घेत ती कुजबुजली, "एक-एक आहे. बरोबरी राहिली तरी वाचतात. फार नाही राहिलं आता."

सोफ्याच्या मागे एक खुर्ची होती. शैलाबाई तिच्यावर बसल्या, किल्ली मुठीत धरून. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या सामना बघत होत्या. बघता बघता त्यांना मौज वाटू लागली. एक निवेदक बुवांसारखा कथा पुढे नेत होता, दुसरा झीलकऱ्यासारखा त्याची ओळ उचलून धरत होता. लोक उभ्याने गात होते. हिरव्या जर्सीतला एक दाढीवाला पोरगा लंगडत होता, तरी चेंडूमागे धावायचं सोडत नव्हता.

"बसवा रे त्या लेकराला," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

तेवढ्यात ते झालं. एका कोपऱ्यातून चेंडू आला, चार डोकी वर गेली, आणि जाळं हाललं. थॉर्नहेवनचं. मैदानातलं गाणं सुरी फिरवल्यासारखं तुटलं.

विनयने दोन्ही हात डोक्यावर ठेवले, गर्रकन मागे वळला आणि त्याला शैलाबाई दिसल्या.

"अरे! काकू वर! तरीच म्हटलं!" त्याच्या आवाजात रडणंही होतं आणि हसणंही. "निहार, बघ, पायगु..."

शैलाबाईंचे पाय आपोआप खुर्चीखाली गेले. हाताने साडीचा काठ ओढला, पावलं झाकली. निहार वळला होता. त्याने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याची नजर हळूहळू खाली उतरली आणि झाकलेल्या पावलांवर येऊन थांबली.

ही वाट शैलाबाईंना पाठ होती. त्यांनी श्वास धरला.

"जाते मी खाली," त्या अर्धवट उठत म्हणाल्या. "वेळ आहे ना रे अजून? होईल काहीतरी."

टीव्हीकडे पाठ करून निहार उठला आणि सोफ्याला वळसा घालून आला.

"काकांकडच्या दादाच्या मुंजीत," तो म्हणाला, "तू अशीच बसली होतीस. कोठीत."

"काहीतरीच तुझं. तू केवढासा होतास."

"असेच पाय आत घेऊन."

निहारने त्यांची मूठ उघडली. किल्लीचा ठसा तळव्यावर उमटला होता. त्याने किल्ली घेतली, दारापर्यंत गेला, ती खिळ्यावर अडकवली आणि परत आला.

"विनय, सरक."

"अरे, चार मिनिटं आहेत, बघ तरी..."

"सरक म्हटलं ना."

विनय सरकला. एकदा निहारकडे, एकदा काकूंकडे पाहून त्याने मान खाली घातली. "सॉरी काकू," तो म्हणाला. नेमकं कशाबद्दल, ते त्यालाही कळलं नसावं.

"तू कशाला रे सॉरी म्हणतोस? बस," शैलाबाई म्हणाल्या. त्या सोफ्यावर मधोमध बसल्या, अगदी काठावर.

"नीट टेकून बस आई. पाय वर घे." निहारने समोरच्या छोट्या टेबलावरचे वेफर्स आणि बाटल्या बाजूला केल्या. "सुजतात ना तुझे."

"टीव्हीसमोर? अरे, त्यांच्या अंगावर काय पाय करू?"

"कर."

संपदाने उशी आणून टेबलावर ठेवली. शैलाबाईंनी आधी एक पाय वर घेतला, मग दुसरा. दोन्ही पावलं पडद्यासमोर आली, हिरव्या मैदानाच्या अगदी मधोमध. निहार खाली सतरंजीवर बसला आणि त्याने त्यांचे मोजे काढले.

"किती गार पडलेत गं."

चार मिनिटं तशीच गेली. दाढीवाल्या पोराने शेवटचा चेंडू आभाळात मारला आणि शिट्टी वाजली. थॉर्नहेवन खाली गेलं. ते पोरगं जिथे होतं तिथेच गवतावर बसलं. विनयने डोळे पुसले, जर्सीच्या बाहीला नाक पुसलं आणि उठला.

"संपलं. चला, निघतो मी."

पडद्यावर मात्र कुणी निघत नव्हतं. हरलेलं अख्खं गाव उभं होतं, गळ्यातले पट्टे दोन्ही हातांनी वर धरून गात होतं. सूर काही फार चांगला नव्हता.

"हे लोक घरी का जात नाहीत रे?" शैलाबाईंनी विचारलं.

निहार दोन्ही तळव्यांनी त्यांची पावलं चोळत होता. त्याने मान वर केली नाही.

"आरती चाललीय," तो म्हणाला. "विनय, बस खाली. मधूनच उठू नये."

विनय बसला. शैलाबाईंनी पाय मागे घेतले नाहीत. थोड्या वेळाने त्यांचा हात मांडीवर हळूहळू ठेका धरू लागला.