खारट पाण्यातला चमचा

मी दोफीची बादली बोलतेय. जरा हळू वाचा. कुणी मोठ्यानं बोललं तरी माझ्या पोटातलं पाणी थरथरतं.

जन्मले तेव्हा माझ्यात भिंतीचा रंग होता. तो आशायमान शहरातल्या कुणाच्या तरी घराला लागला आणि मी कचराडेपोवर आले. तिथं वीस वर्षं बाटल्या वेचणाऱ्या दोफीनं मला उचललं, बुडावर टिचकी मारली आणि म्हणाली, "ही टिकेल."

मग आम्ही दोघी मास्टर ओब्लिटेंच्या शेडमध्ये प्लास्टिक निवडायचं काम शिकायला जाऊ लागलो. अठ्ठेचाळीस वर्षांची शिकाऊ! बरोबर शिकणाऱ्या पोरी विचारायच्या, "आंटी, नातवंडांबरोबरच पास होणार का?" ती म्हणायची, "तुमच्या आधी."

प्लास्टिकच्या बुडाशी आकडा असतो, त्यावरून प्रकार कळतो. दोफीला आकडे वाचता येत नाहीत. म्हणून मास्टरांनी तिला माझ्या हवाली केलं. तुकडा पाण्यात टाकायचा. तरंगला तर एक ढीग, बुडाला तर दुसरा. बुडणारा चुकून तरंगणाऱ्यांत गेला, की वितळवताना सगळा माल नासतो. परीक्षेत पास झाली तर नव्या कारखान्यात नोकरी, नाहीतर पुन्हा डेपोवर जळणाऱ्या कचऱ्याचा धूर. खोकला तिला आधीच लागला होता.

परीक्षेच्या सकाळी पाण्याचा टँकर आला नाही. परीक्षक राजधानीहून, अक्राहून येणार, त्यांना उपाशी कसं पाठवायचं? दोफीनं भेंडीच्या रश्शासाठी मिठात मुरलेला मासा माझ्यातच भिजत घातला. मासा भांड्यात गेला, पाणी माझ्यात राहिलं. टँकर नसताना ते ओतून कोण देणार? माझा जीव टांगणीला लागला, पण बादलीनं सांगायचं कसं?

परीक्षक पोटभर जेवले. दोफीनं पांढऱ्या चमच्याचा तुकडा पाण्यात टाकला. तो तरंगला.

तिनं तो तरंगणाऱ्यांच्या ढिगात टाकायला उचलला आणि बोटांत जरा वाकवला. कट्कन मोडला. तो आवाज तिच्या वीस वर्षांच्या ओळखीचा होता. असले तुकडे बुडतात. तिनं माझ्यात बोट बुडवून चाटलं. शिकायच्या बादलीत स्वयंपाकाचं काही घालायचं नाही, हा मास्टरांचा पहिला नियम. मोडणाऱ्याला शेडबाहेर काढत.

"साहेब, हा बुडणाराच आहे. पाणी खारट झालंय, म्हणून तरंगला. मीच ह्यात मासा भिजवला होता."

"कुठला मासा?"

"आत्ता तुमच्या पोटात आहे तो."

मास्टरांनी कपाळाला हात लावला. परीक्षकांनी मात्र पेन खाली ठेवलं नाही. बुडतो म्हणता, तर बुडवून दाखवा, म्हणाले.

दोफीनं मला रिकामं केलं. पाणी आणायचं कुठून? तेव्हा त्याच टवाळ पोरींनी आपापल्या पिण्याच्या पाण्याच्या पिशव्या पुढे केल्या. तिनं एकेक दातानं फाडून माझ्यात ओतली, शेवटी चमच्याचा तुकडा टाकला आणि एक रिकामी पिशवीही. पिशवी तरंगली. चमचा तळाशी गेला. मी श्वास रोखून त्याला धरून ठेवलं.

आमच्याकडे पास झालेल्यावर पांढरी पावडर उधळतात. दोफी त्या दिवशी पिठाच्या चक्कीतून आल्यासारखी दिसत होती. मास्टरांनी तिला शेडबाहेर काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भांडी घासायचं काम मात्र महिनाभर तिलाच.

आता ती कारखान्यात नव्या बायकांना हे काम शिकवते. माझ्या तळाला चीर गेलीय, रोज थोडी गळते. तरी मी हटणार नाही. अजून पुष्कळ जणी शिकायच्या राहिल्यात. गेलेच कधी, तर मला जाळू नका. माझा एक तुकडा पाण्यात टाकून बघा आणि मला माझ्या ढिगात ठेवा.